एका अक्षराचे दोन उच्चार : मराठी चवर्ग आणि ध्वनिलिपींचा इतिहास

१

मराठीचे लेखन उच्चारानुसारी आहे, जसे बोलावे तसेच लिहावे हा देवनागरीचा धर्म आहे, असे विधान आपल्या पाठ्यपुस्तकांतून व व्याख्यानांतून वारंवार केले जाते. इंग्रजीच्या वर्णलेखनाशी तुलना करता हे विधान बऱ्याच अंशी खरेही आहे. तथापि ते तपासून पाहावयाचे झाल्यास 'जग' हा दोन अक्षरी शब्द पुरेसा आहे. 'हे जग नश्वर आहे' या वाक्यातील ज आणि 'शंभर वर्षे जग' या आशीर्वादातील ज हे दोन भिन्न ध्वनी होत. 'जरा थांब' आणि 'जरा व मरण', 'चार माणसे' आणि 'गुरे रानात चार' या जोड्यांतही तोच प्रकार आढळतो. प्रत्येक जोडीत अर्थ निराळा, उच्चार निराळा, पण अक्षर मात्र एकच. मराठी ज्याची मातृभाषा आहे त्याचा कान हा भेद सहसा चुकत नाही. त्याची लिपी मात्र तो भेद कधीच दाखवीत नाही.

यांपैकी एक उच्चार तालव्य होय. दुसऱ्यास मराठी व्याकरणपरंपरेत 'दंततालव्य' अशी संज्ञा रूढ झाली आहे. विवेचनाच्या सोयीसाठी या निबंधात दंततालव्य उच्चार अक्षराखाली बिंदू देऊन दाखविला आहे : च़, ज़, झ़. हिंदीत या बिंदूने फार्सी ध्वनी दाखवितात. तो अर्थ येथे अभिप्रेत नाही. या पद्धतीने लिहिल्यास प्रमाण मराठी उच्चारातील 'जहाज' हा शब्द 'जहाज़' असा होईल. तीन अक्षरांच्या शब्दात एकच अक्षर दोनदा आले आहे आणि दोन्ही वेळा त्याचे मूल्य वेगळे आहे.

हा भेद आज प्रथमच लक्षात येत आहे असे मुळीच नाही. तरीही तो आपल्या लेखनात का उतरला नाही आणि जगात ज्या ध्वनिलिपी निर्माण झाल्या त्यांनी त्याची दखल कशी घेतली, हे पाहिले असता ध्वनिलिपींच्या इतिहासाचे मर्मच हाती लागते. ते पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. या प्रश्नाची एक बाजू मराठवाड्याशी, आणि त्यातही पूर्णेसारख्या त्रिवेणी मार्गावरील गावाशी निगडित आहे. तिचा विचार उत्तरार्धात येईल.

२

उच्चाराचे शास्त्र आपल्याकडे वेदपठणाच्या गरजेतून जन्मास आले. मंत्राचा एकही वर्ण बिघडू नये यासाठी शिक्षाग्रंथांनी व प्रातिशाख्यांनी प्रत्येक ध्वनीचे स्थान, करण व प्रयत्न निश्चित केले. घोष व अघोष, अल्पप्राण व महाप्राण, स्पर्श व ऊष्म हे भेद त्यांनी मुखातील प्रत्यक्ष हालचालींचे निरीक्षण करून ठरविले. कंठापासून ओठांपर्यंत क्रमाने येणारे पाच वर्ग आणि प्रत्येक वर्गातील पाच वर्ण ही आपली वर्णमाला वस्तुतः ध्वनिशास्त्राचा एक तक्ताच आहे. अमेरिकन पंडित व्हिटनी याने १८६२ मध्ये अथर्ववेदाचे व १८७१ मध्ये तैत्तिरीय शाखेचे प्रातिशाख्य भाषांतरासह प्रसिद्ध केले, तेव्हा पाश्चात्त्य अभ्यासकांना या निरीक्षणाची सूक्ष्मता कळून आली. पुढे सिद्धेश्वर वर्मा (१९२९) व डब्ल्यू. एस. ॲलन (१९५३) यांनी या परंपरेचा आधुनिक ध्वनिशास्त्राच्या परिभाषेत स्वतंत्र अभ्यास केला.

परंतु हा तक्ता संस्कृत भाषेचा होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही. चवर्गाचे स्थान तालू, हे संस्कृतापुरते यथार्थ वर्णन होते. प्राकृतातून मराठी आकारास आली तेव्हा तिने अक्षरे तीच ठेवली, पण काही ध्वनी बदलले. चाक, चूल, चोर, जाळे, जुना, झाड या शब्दांच्या आरंभी जिभेचे टोक दातांच्या मुळाशी येते. चंद्र, चरण, जल, जीवन या शब्दांत ते तसे येत नाही. चवर्गातील पहिली ओळ एका भाषेची आणि उच्चार दुसऱ्या भाषेचा, अशी ही स्थिती आहे. शास्त्रशुद्ध वर्णमाला मिळाल्यामुळे तिच्याकडे पुन्हा चिकित्सक दृष्टीने पाहण्याची गरज आपल्याला वाटली नाही, असे म्हणावयास हरकत नसावी.

हा बदल नियमरहित नाही. इ, ई, ए आणि य यांच्यापूर्वी उच्चार तालव्य राहतो. इतर स्वरांपूर्वी, तद्भव व देशी शब्दांत, तो दंततालव्य होतो. 'त्याच़ा मुलगा' पण 'त्याची मुलगी'. ग्रांथिक 'त्याचे घर' यात च तालव्य आहे. तेच बोलताना 'त्याच़ं घर' झाले की स्वराबरोबर व्यंजनही बदलते. तत्सम शब्द या नियमाबाहेर राहिले आणि संस्कृताचा तालव्य उच्चार त्यांनी टिकविला. फार्सीतून आलेला ऊष्म ज मराठीत दंततालव्य झाला : जोर, बाजार, रोज. 'चार' हा अंक तद्भव असूनही तालव्य का, याचे उत्तर जुन्या मराठीतील 'च्यारि' या लेखनात मिळते. तेथील य पुढे लोपला, पण व्यंजनावर आपली खूण ठेवून गेला. अशा रीतीने जे मुळात स्वरावर अवलंबून होते ते उसन्या शब्दांमुळे व ध्वनिलोपामुळे अर्थभेदक झाले.

३

हा बदल किती जुना, हे ठरविण्यास लेखनाचा उपयोग नाही असे प्रथमदर्शनी वाटते. कारण लेखनात दोन्हीकडे च हेच अक्षर येते. पण चवर्गातील एक वर्ण या बाबतीत साक्ष देतो. प्राकृतातील छ हा मराठीत तद्भव शब्दांत सहसा टिकला नाही. हिंदीत छुरी, मराठीत सुरी. प्राकृतात मच्छ, मराठीत मासा. छायेची सावली झाली. मात्र हिंदीतील छींक मराठीत 'सिंक' न होता 'शिंक' झाली आणि प्राकृत छेत्त याचे 'सेत' न होता 'शेत' झाले. म्हणजे इ व ए यांपूर्वी तालव्य श, इतरत्र दंत्य स. हा नियम आणि वर सांगितलेला च व च़ यांचा नियम एकच आहे. मराठीच्या विकासावरील झ्यूल ब्लॉक यांच्या फ्रेंच ग्रंथात (१९२०, वासुदेव गोपाळ परांजपे यांचे मराठी भाषांतर १९४१) या ध्वनिपरिवर्तनाची सांगोपांग मांडणी आहे.

ध्वनिलेखनाच्या दृष्टीने यातून निघणारा बोध महत्त्वाचा आहे. छ बदलला तेव्हा स आणि श ही दोन अक्षरे लिपीजवळ आधीच होती. म्हणून लेखकाने ऐकलेला भेद बिनतक्रार लिहिला. च बदलला तेव्हा दुसरे अक्षर जवळ नव्हते. म्हणून तोच भेद अलिखित राहिला. दोन्ही ठिकाणी बोलणारा एकच, ऐकणारा एकच आणि ध्वनिनियमही एकच. फरक होता तो केवळ लिपीच्या सामग्रीत. लिखित पुराव्यावर विसंबून उच्चाराचा इतिहास रचणाऱ्याने ही गोष्ट सतत ध्यानात ठेवली पाहिजे.

४

परक्या लिपीत आपली भाषा लिहिणाऱ्यास हा प्रश्न अधिक तीव्रतेने जाणवतो. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याचे मराठी क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याचे कोंकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. रोमन लिपीत ट, ड यांना अक्षर नाही. तेव्हा अक्षर दुप्पट लिहून मूर्धन्य ध्वनी दाखविण्याची युक्ती गोव्यातील लेखनात रुजली. ती रोमी कोंकणीत आजही चालते. शास्त्राचा गाजावाजा न करता केलेले हे ध्वनिलेखनच होय.

अठराव्या शतकाच्या अखेरीस सर विल्यम जोन्स याने या प्रश्नाला पद्धतशीर रूप दिले. आशियाई शब्दांचे रोमन लेखन कसे करावे यावरील त्याचा निबंध १७८८ मध्ये 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडात आला. देवनागरीची वर्णव्यवस्था इतर लिपींपेक्षा अधिक स्वाभाविक आहे, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले आणि तिच्याच पायावर आपली योजना उभारली. जर्मन पंडित लेप्सियस याने १८५५ मध्ये सर्व भाषांसाठी एक 'प्रमाण लिपी' सुचविली. तिची विस्तृत इंग्रजी आवृत्ती १८६३ मध्ये निघाली. प्राच्यविद्या पंडितांच्या १८९४ च्या जिनीव्हा परिषदेने संस्कृतासाठी जी लेखनपद्धती पुरस्कारिली, तिचेच रूप आज आपण संशोधनग्रंथांत वापरतो.

येथे दोन गोष्टींतील भेद स्पष्ट केला पाहिजे. लिप्यंतर म्हणजे एका लिपीतील अक्षराला दुसऱ्या लिपीतील अक्षर देणे. ध्वनिलेखन म्हणजे ऐकलेल्या ध्वनीला चिन्ह देणे. जोन्सची व जिनीव्हाची पद्धती मुख्यतः लिप्यंतराच्या होत. देवनागरीत जे लिहिले आहे तेवढेच त्या रोमनमध्ये उतरवितात. सबब 'चार' हा अंक आणि 'चार' हे क्रियापद त्यांतही एकरूपच राहतात. देवनागरीची उणीव त्यांनी रोमन वेशात जशीच्या तशी पुढे नेली.

ध्वनीलाच प्रमाण मानणारी परंपरा निराळ्या वाटेने वाढली. अलेक्झांडर मेलव्हिल बेल याने १८६७ मध्ये 'दृश्य वाणी' नावाची लिपी मांडली; तिच्यातील प्रत्येक चिन्ह जीभ, ओठ व कंठ यांच्या स्थितीचे जणू रेखाचित्र होते. हेन्री स्वीट याच्या १८७७ च्या ग्रंथाने हा अभ्यास पुढे नेला. १८८६ मध्ये पॅरिसमध्ये पॉल पासी याच्या पुढाकाराने भाषाशिक्षकांची संघटना स्थापन झाली; तीच पुढे आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र परिषद म्हणून प्रसिद्धीस आली. तिने १८८८ मध्ये घालून दिलेल्या तत्त्वांपैकी पहिले तत्त्व आपल्या दृष्टीने निर्णायक आहे : ज्या ध्वनीच्या जागी दुसरा ध्वनी ठेवल्यास त्याच भाषेत अर्थ बदलतो, अशा प्रत्येक ध्वनीला स्वतंत्र चिन्ह असावे. पुढील काळातील स्वनिमकल्पनेचे बीज येथे आहे. हे तत्त्व 'जग' या शब्दाला लावले की निर्णय आपोआप होतो. या लिपीत दंततालव्य च हा त् व स् यांच्या चिन्हांची जोडणी करून लिहितात. तालव्य च वेगळ्या जोडणीने लिहितात.

५

भारतातील भाषांची पहिली व्यापक पाहणी ग्रिअर्सन याने १८९४ ते १९२८ या काळात केली. तिचा मराठीविषयक सातवा खंड स्टेन कोनो याने सिद्ध केला व तो १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाहणीच्या लिप्यंतरपद्धतीत विशेष ध्वनींची एक यादी आहे. तीत दंत्य च व ज यांसाठी स्वतंत्र रोमन जोडअक्षरे ठरविली असून, ते ध्वनी असणाऱ्या भाषांत पश्तो, काश्मीरी व तिबेटी यांच्यासह मराठीचा उल्लेख आहे. म्हणजे जो भेद देवनागरीने दाखविला नाही तो सरकारी पाहणीने रोमनमध्ये दाखविला.

तथापि या पाहणीच्या दोन मर्यादा लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, बोलींचे नमुने बहुधा स्थानिक अधिकाऱ्यांकडून लिहून मागविले जात. ते गोळा करणारे ध्वनिशास्त्राचे जाणकार नव्हते. लेखनिकाने च लिहिला की त्याने कोणता च ऐकला हे कागदावरून कळत नाही. दुसरी मर्यादा आपल्या प्रदेशाशी थेट संबंधित आहे. मद्रास इलाखा, ब्रह्मदेश आणि हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने या पाहणीच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली होती. १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सबब वऱ्हाड, नागपूर, खानदेश, कोकण येथील बोलींचे जे तपशीलवार नमुने त्या काळी नोंदले गेले, त्यांच्या जोडीस मराठवाड्याचे नमुने आले नाहीत. नामदेवांची नरसी आणि जनाबाईंचे गंगाखेड ज्या टापूत आहे, त्या टापूची बोली मराठीच्या पहिल्या ध्वनिनोंदीत अशा रीतीने मागे राहिली.

संस्थानाच्या कारभाराची भाषा आधी फार्सी व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. त्यामुळे मराठी गावांची व माणसांची नावे दफ्तरात अरबी-फार्सी वळणाच्या लिपीत लिहिली जात. या लिपीत ण व ळ यांना अक्षर नाही; परभणीतला ण तेथे न होतो आणि कळमनुरीतला ळ ल होतो. उलट जहाज या शब्दातील दोन ज त्या लिपीत दोन वेगळ्या अक्षरांनी लिहितात. कारण मूळ शब्दातच ते दोन वेगळे ध्वनी आहेत. देवनागरी ळ दाखविते पण च़ दाखवीत नाही. उर्दू लिपी ळ गाळते पण जहाजातील भेद राखते. कोणतीही लिपी निर्दोष दर्पण नसते. जिच्यासाठी ती घडली त्या भाषेचे भेद ती टिपते, आणि भाषा बदलली की तिच्या उणिवा उघड्या पडतात.

६

स्वातंत्र्योत्तर काळात मराठीच्या ध्वनिव्यवस्थेचा अभ्यास आधुनिक पद्धतीने सुरू झाला. अशोक रा. केळकर यांनी १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठास सादर केलेला प्रबंध मराठीच्या ध्वनी व रूपव्यवस्थेवर होता. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीची ग्रंथमाला सुरू केली. तिचे आरंभीचे ग्रंथ दक्षिण कन्नडातील कोकणी (१९६३) व कुडाळी (१९६५) यांवर होते. आरंभ कोकणपट्टीपासून झाला आणि गोदावरीचे खोरे पुन्हा वाट पाहत राहिले. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठी बोलींचे जिल्हावार सर्वेक्षण करून ध्वनिमुद्रणे सर्वांस खुली केली आहेत. ही उणीव भरून काढण्यास त्यामुळे भक्कम आधार मिळाला आहे.

लेखनसुधारणेचा मार्ग मात्र निराळा राहिला. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. नांव, कांही यांवरील बिंदू उच्चारात नव्हता म्हणून तो लेखनातूनही गेला. २००९ च्या शासननिर्णयाने ॲ व ऑ यांना वर्णमालेत स्थान दिले. इंग्रजी शब्दांतील दोन स्वरांसाठी वर्णमाला वाढली. घरच्या तीन व्यंजनांचा प्रश्न तेथे उपस्थितही झाला नाही. शेजारच्या तेलुगूची स्थिती तुलनेने पाहण्याजोगी आहे. तेलुगूतही अग्रस्वरांपूर्वी तालव्य व इतरत्र दंत्य, असा चवर्गाचा नियम आहे, आणि तेथे दंत्य च व ज यांची खूणयुक्त अक्षरे आहेत. युनिकोडच्या २००८ च्या आवृत्तीत ती दोन अक्षरे आली. त्याच आवृत्तीत मराठीचा ॲ आला. काश्मीरीच्या देवनागरी लेखनात च खाली बिंदू देण्याची रीत आहे.

तेव्हा मराठीनेही नित्याच्या लेखनात च़ लिहावा काय? प्रस्तुत लेखकाचे मत तसे नाही. मराठी वाचकास शब्द ओळखीचा असतो आणि उच्चार तो आपसूक करतो. त्याच्यावर नव्या बिंदूचा भार घालण्याचे प्रयोजन नाही. परंतु जो शब्द ओळखत नाही त्याला कोण सांगणार? पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन असल्याने तेथे मराठीबरोबर दखनी, हिंदी व तेलुगू बोलणारी कुटुंबे नांदतात. त्यांची मुले शाळेत मराठी वाचावयास शिकतात. 'जग' व 'जग' यांतील भेद त्यांना पुस्तक सांगत नाही, आणि चुकल्यावर हसू मात्र त्यांच्याच वाट्याला येते. मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या यंत्रांपुढेही हीच अडचण आहे. कोश, अन्यभाषकांसाठीची पाठ्यपुस्तके आणि बोलींच्या नोंदी या तीन ठिकाणी तरी हा भेद चिन्हाने दाखविला पाहिजे. नित्यलिपी व ध्वनिलिपी यांची कार्ये भिन्न आहेत. एकीने दुसरीचे काम करावे असा आग्रह नको, पण दुसरी अजिबात नसावी हेही योग्य नाही.

७

बोलींच्या नोंदीबाबत आपल्या विद्यार्थ्यांसमोर एक निश्चित कार्य ठेवता येईल. पूर्णेहून लोहमार्ग तीन दिशांना जातो : पश्चिमेस परभणीकडे, पूर्वेस नांदेडकडे व उत्तरेस हिंगोली, वाशीममार्गे अकोल्याकडे. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने हे तीन मार्ग म्हणजे तीन आयत्या रेषाच होत. उत्तरेच्या टोकाला वऱ्हाडी आहे. तेथे ळ चा य होऊन डोळ्याचा 'डोया' होतो. प्रत्येक स्थानकाच्या परिसरात त्याच पंचवीस शब्दांचा उच्चार नोंदविला, तर ळ कोठे संपतो व य कोठे सुरू होतो, ती सीमा एकाच गावी आहे की मधे दोन्ही उच्चार नांदणारा पट्टा आहे, हे दिसून येईल. नांदेडच्या पुढे तेलुगूचा शेजार सुरू होतो. तेथील द्वैभाषिकांच्या मुखी मराठी च़ व तेलुगूचा दंत्य च एकाच स्थानी उच्चारले जातात की काय, हे पाहता येईल. चवर्गाच्या या साम्यावरून दोन्ही भाषांच्या प्राचीन संपर्काविषयी जे तर्क केले जातात, त्यांना अशा प्रत्यक्ष निरीक्षणाचा आधार हवा.

या कामास मोठी साधनसामग्री लागत नाही. ध्वनिमुद्रणाचे साधन आज प्रत्येकाच्या खिशात आहे. लागतो तो शिकविलेला कान आणि नेमकी चिन्हे. ध्वनिमुद्रण सर्वच टिपते, म्हणून त्याने काम भागेल असे मात्र समजू नये. काय ऐकले याचा निर्णय अभ्यासकालाच करावा लागतो आणि तो निर्णय चिन्हातच व्यक्त होतो. शाळेच्या प्रमाण उच्चाराचा व छापील अक्षराचा प्रभाव वाढत आहे. पाणी व 'पानी' यांतील अंतर नव्या पिढीत कमी होत जाणे स्वाभाविक आहे. जुन्या पिढीचा उच्चार जोवर ऐकावयास मिळतो तोवरच त्याची नोंद शक्य आहे. शतकापूर्वी या प्रदेशाची नोंद राजकीय सीमेमुळे राहून गेली. आज तशी कोणतीही सीमा आड येत नाही.

शिक्षाकारांनी वेदाचा एक वर्ण बिघडू नये म्हणून जे परिश्रम घेतले, त्यांतून जगातील एक श्रेष्ठ ध्वनिशास्त्र निर्माण झाले. तीच दृष्टी शेतातल्या व बाजारातल्या मराठीकडे वळविणे म्हणजे त्या परंपरेचा मान राखणेच होय.